पांढरे ठिपके दिसले की टाकी रिकामी करू नका!

पाणवठा
काल या मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर एक सल्ला वाचला आणि राहवलं नाही. "माशांवर पांढरे ठिपके आले की सगळं पाणी उपसा, वाळू-दगड उकळत्या पाण्यातून काढा, टाकी उन्हात वाळवा, नवं पाणी भरून निळं औषध (मिथिलीन ब्लू) टाका." खाली धन्यवादांची रांग.

अहो, ठिपक्यांआधी या सल्ल्यानेच मासे मरतील. माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात आणि वाळूत असतात. ते उकळलेत की टाकी पुन्हा मुरायला चार-सहा आठवडे लागतात. आजारी मासा तोवर अमोनियात.

ठिपका दिसतो तेव्हा परजीवी कातडीच्या आत असतो, तिथे पाण्यातलं औषध पोचत नाही. तो फुगून गळतो, तळाला चिकटतो, एकाचे शेकडो होतात आणि पोहत नवा मासा शोधतात. मार खातात ते फक्त तेव्हा. ठिपके गेले म्हणून औषध थांबवलं की आठवड्याभरात परत तेच.

मी काय करतो? हीटर हळूहळू ३० अंशांपर्यंत, हवेचा पंप जोरात, लिटरला २ ग्रॅम मीठ, तेही विरघळवून दोन-तीन टप्प्यांत. रोज सायफनने तळ ओढून पाव पाणी बदलायचं, जेवढं पाणी गेलं तेवढ्याचंच मीठ परत. शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर हे चालू.

आणि हा आजार आभाळातून पडत नाही. कोलकाता, नाहीतर चेन्नईच्या कोलाथूरहून पिशवीत कोंडून आलेले थकलेले मासे आपण पिशवीतल्या पाण्यासकट टाकीत ओततो. वर पावसाळ्यात पाणी गार पडतं.

मॉलीवाले काका
तुमच्या जन्माआधीपासून मासे पाळतोय. निळं औषधच वापरलं, मासे जगले. ३० अंश म्हणे! आमच्याकडे जुलैत लाईट कधी जाईल नेम नाही. पंप बंद आणि पाणी गरम, म्हणजे मासे गुदमरणार. नवे मासे वेगळे ठेवा म्हणाल, तर वन रूम किचनमध्ये दुसरी टाकी डोक्यावर ठेवू?

तळ्याकाठी
काकांचा लाईटचा मुद्दा खरा आहे. पण माझा राग वेगळ्यासाठी आहे. तोंडाभोवती कापसासारखं पांढरं दिसलं तरी लोक हाच ३० अंशांचा उपाय करतात. ती बुरशीही नसते, बऱ्याचदा कॉलम्नॅरिस असतो, जिवाणूंचा आजार, आणि उबेत तो भडकतो. माझ्या बहिणीचे मॉली मासे असेच एका रात्रीत गेले. आधी फोटो मागा, मग डॉक्टरकी करा.

पाणवठा
मी ठिपक्यांबद्दल लिहिलं होतं. पण हो, ही ताकीद पहिल्याच पोस्टमध्ये हवी होती.

संध्या
आमच्या सासूबाई म्हणतात, मासा मेला म्हणजे घरावरचं संकट त्याने घेतलं. आमचा फ्लॉवरहॉर्न मासा गेला त्याच आठवड्यात यांचा अपघात थोडक्यात टळला. औषधांच्या मागे इतकं लागू नये.

पाणवठा
ताई, संकट-बिंकट काही नाही, टाकीतलं पाणी खराब होतं. या समजुतीपायी लोक पाणी तपासतच नाहीत.

मॉलीवाले काका
कुणाच्या श्रद्धेवर घसरू नका. माशांबद्दल बोला.

कोरीप्रेमी
काका, माशांबद्दलच आहे हे! "संकट गेलं, आता नवा न्या" असं सांगून दुकानदाराने मला त्याच आजारी टाकीसाठी मासा विकलाय. मासा का मेला हे कुणी विचारायचंच नाही, यावर तर हा धंदा चालतो.

संध्या
तुम्ही सगळे आम्हाला अडाणी समजता. तो आडवा पडला तेव्हा सासूबाई रात्रभर टाकीत हात घालून त्याला सरळ धरून बसल्या होत्या. कल्ला हलला की मला हाक मारायच्या. सकाळी त्यांनीच त्याला कुंडीत पुरला. आमचं प्रेम कमी होतं असं कुणी म्हणू नये.

पाणवठा
प्रेमाबद्दल मी काही बोललो नाही, आणि सासूबाईंबद्दल तर मुळीच नाही. एवढंच सांगा, नवा मासा कधी आणलात?

संध्या
दुसऱ्याच दिवशी. त्याच्याही अंगावर ठिपके आले, तोही गेला. टाकी रिकामी आहे. समजूत आम्ही सोडणार नाही, पण आता काय करायचं ते सांगा.

पाणवठा
टाकी धुऊ नका. फिल्टर चालू ठेवा, हीटर २८ वर. परजीवीच्या पोहणाऱ्या पिल्लांना मासा मिळाला नाही तर ती साधारण दोन दिवसांत मरतात, पण तळाशी चिकटलेलीही फुटायला हवीत, म्हणून दोन-तीन आठवडे एकही मासा नको. अधूनमधून चिमूटभर खाद्य टाका, म्हणजे चांगले जिवाणू उपाशी राहणार नाहीत. मग नवा मासा आधी प्लास्टिकच्या टबात, स्पंज फिल्टर लावून, निदान दोन आठवडे. काका, असा टब वन रूम किचनमध्येही ओट्याखाली मावतो.

मॉलीवाले काका
टबाचं पटलं. औषध मात्र मी निळंच टाकणार.

पाणवठा
टबात टाका. फक्त तो स्पंज नंतर मोठ्या टाकीत लावू नका, निळ्या औषधाने त्यातले चांगले जिवाणू मेलेले असतील.