पाटाकडील-शिवाजी सामना : समर्थकांच्या गॅलऱ्या वेगळ्या कराव्यात का?

पूर्वार्ध :
कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम मंडळ (पीटीएम) आणि शिवाजी तरुण मंडळ हे फुटबॉल संघ समोरासमोर आले की पहिली किक बसायच्या आधीच गॅलरी पेटलेली असते. आधी शिट्ट्या, मग शिव्या, मग बाटल्या. निदान या एका सामन्याला तरी गॅलऱ्या वेगळ्या कराव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन रंगांची तिकिटं काढा, ज्याचा जो रंग त्याला तेच गेट, आणि मधल्या पायऱ्यांचा एक पट्टा रिकामा ठेवा. सामना संपला की हरलेल्यांना आधी बाहेर सोडा. जिंकलेले वीस मिनिटं आतच राहू देत, त्यांना तसंही नाचायचंच असतं. 16 ऑगस्ट 1980 ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्यात मैदानावरची धक्काबुक्की स्टँडमध्ये उतरली आणि 16 जणांचा जीव गेला. आज कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर दोघांच्या गॅलऱ्या आणि गेटं वेगळी असतात. आपण कशाची वाट बघतोय?

तिकटीवरचा :
विरोध. इथं क्लब नाही, तालीम आहे. मामा पीटीएमच्या मंगळवार पेठेत, भाचा शिवाजीच्या शिवाजी पेठेत, दोघं एकाच गाडीवरनं स्टेडियमला येणार. त्यांची गेटवर ताटातूट करायची? आणि दिलबहार, प्रॅक्टिस, खंडोबा, बालगोपाल या बाकीच्या संघांच्या लोकांनी कुठल्या रंगाचं तिकीट घ्यायचं? वरिष्ठ गटात 16 संघ आहेत. मोठ्या सामन्याला उरलेल्या 14 संघांची माणसंही गॅलरीत असतात. आज दोन्ही कडव्या घोळक्यांच्या मध्ये हीच माणसं बसतात, म्हणून बरंचसं निभावतं. तुमचा रिकामा पट्टा फार तर चार-पाच मीटरचा होईल. अर्धी भरलेली बाटली एवढं अंतर सहज पार करते.

पूर्वार्ध :
मग तटस्थांना तिसरा रंग द्या आणि त्यांनाच मध्ये बसवा.

तिकटीवरचा :
म्हणजे दोन्हीकडच्या बाटल्या दिलबहारवाल्यांच्या डोक्यात. लई भारी!

सडनडेथ :
गॅलऱ्या वाटायच्याच असतील तर बाजूंनी वाटा, गोलमागं कुठल्याच संघाचे कडवे समर्थक बसवू नका. कारण टायब्रेकर. बाद फेरीचा सामना बरोबरीत सुटला की सगळ्या किक एकाच गोलवर होतात. गोल कुठला, हे पंच नाणेफेकीनं ठरवतात आणि आधी किक कुणी मारायची यासाठी दुसरी नाणेफेक होते. गोलमागची गॅलरी एका संघाची असेल तर पहिली नाणेफेकच वादाची ठरणार आणि दुसऱ्या संघाच्या गोलरक्षकाच्या पाठीवर बाटल्या पडणार. नियमांनुसार मैदानाची स्थिती किंवा सुरक्षितता बघून पंच नाणेफेक न करताही गोल ठरवू शकतात. टायब्रेकर कुठल्या गोलवर घ्यायचा, हे संयोजकांनी पंचांशी सामन्याआधीच बोलून ठेवावं. शेवटची किक चुकल्यावर हा विषय काढला तर कोण ऐकणार?

जागेचा हिशोबही कुणी मांडत नाही. पायरीवर माणशी 45 सेंटीमीटर धरले तर दहा मीटरच्या पायरीवर 22 माणसं बसतात. प्रत्यक्षात तीसजण कोंबले जातात, शिवाय जिन्यावर बसलेले वेगळे. जिना तुंबला की भांडणात मध्ये पडायला पोलिसालाही वाट मिळत नाही. त्यामुळं गॅलरी वाटा अगर न वाटा, जिने मोकळे ठेवा आणि गॅलरीत मावतील तेवढीच तिकिटं विका.

हलगीवाला :
दोघंही बसण्याच्या जागेवर भांडताय. मला विचाराल तर आधी आत काय येतं ते बघा. बाटली आतच येऊ देऊ नका, पाण्याचे जार आणि कागदी पेले ठेवा. झेंड्याला बांबूऐवजी पोकळ प्लास्टिकची नळी चालते. हलगी अडवू नका, पण चामड्याची हलगी उतरली की ती तापवायला पोरं गॅलरीतच कागद पेटवतात. गर्दीत तो जाळ नको. फायबरच्या पानाची हलगी तापवावी लागत नाही. आवाज जरा पत्र्यासारखा येतो, तेवढं सोसायचं. रंगीत धूर तर पूर्ण बंद. वारा पडला की तो गोलसमोर रेंगाळतो आणि पंचांना खेळ थांबवावा लागतो. आणि सकाळीच पायऱ्यांवरून एक फेरी मारून सुटे दगड, सिमेंटचे निघालेले तुकडे उचलून न्या. दगड कुणी घरून आणत नाही.

तिकटीवरचा :
हलगीवाल्याशी सहमत. भिंत घालून भागत नाही याचे दोन दाखले देतो. अर्जेंटिनात 2013 पासून पाहुण्या संघाच्या समर्थकांना बंदी होती. तरी 2018 मध्ये रिव्हर प्लेट-बोका ज्युनियर्सच्या अंतिम सामन्याआधी बोकाची बस स्टेडियमच्या वाटेवर फुटली आणि सामना माद्रिदला न्यावा लागला. इंडोनेशियात कांजुरुहान स्टेडियमला 2022 मध्ये पाहुण्या पर्सेबाया संघाचे समर्थक आत नव्हतेच. यजमान अरेमा हरल्यावर त्यांचेच लोक मैदानात उतरले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, पळणारे गेटांवर अडकले आणि 135 जण गेले. शत्रू गॅलरीत नसतानाही एवढं होतं. आणि तुम्ही जिंकलेल्यांना वीस मिनिटं कोंडणार!

पूर्वार्ध :
कांजुरुहानला अश्रुधूर आणि अरुंद गेटांनी घात केला, वेगळ्या गॅलऱ्यांनी नाही. मी गेटला कुलूप लावा म्हणत नाही. गेट उघडंच, समोर स्वयंसेवकांची साखळी, आणि धोका दिसला की साखळी बाजूला.

बसचा मुद्दा मात्र बरोबर आहे. आपल्याकडेही खरी ठिणगी खासबाग मैदानाकडून मिरजकर तिकटी चौकाकडं जाताना पडते. पुंगळ्या (सायलेन्सर) काढलेल्या गाड्या, गुलाल आणि समोरच्या पेठेच्या तोंडावर मुद्दाम थांबणं. म्हणून जिंकलेल्यांच्या मिरवणुकीचा मार्ग सामन्याआधी दोन्ही तालमींकडून लिहून घ्या.

तिकटीवरचा :
लिहून कोण देणार? मंडळाचे पदाधिकारी. गाड्या कोण काढणार? ज्यांचं नाव मंडळाच्या वहीतच नाही ती पोरं.

सडनडेथ :
त्या पोरांना कोण ओळखतं? तालमीतलेच. स्वयंसेवक त्यांच्यातूनच घ्या, पण पीटीएमचे पीटीएमच्या गेटवर आणि शिवाजीचे शिवाजीच्या.

तिकटीवरचा :
म्हणजे परत दोन गेटं आलीच.