शब्दचर्चा : इरावती

भावाला मुलगी झाली. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा, आणि माझ्या मनात कधीपासून 'इरावती' घोळतंय. घरात मात्र तीन तऱ्हा झाल्यात. वहिनी म्हणते ते ब्रह्मदेशातल्या नदीचं नाव, आपलं नव्हेच. बाबा म्हणतात ऐरावतावरून आलं असणार, म्हणजे अर्थ 'हत्तीण'. आणि वहिनीच्या भावाने कुठल्याशा कोशात 'इरा' काढून 'दारू' असा अर्थ वाचून दाखवला, तेव्हापासून आई गप्पच आहे. नावांच्या याद्या पाहाव्यात तर एकीत 'वीज', दुसरीत 'सरस्वती', तिसरीत 'पाण्याने भरलेली'. नेमका अर्थ कोणता धरायचा? आणि इतकं गोड नाव इतकं कमी का ऐकू येतं?

*

ताई, तिघांच्याही म्हणण्याला कुठे ना कुठे आधार आहे, पण शब्द त्या तिघांपेक्षा जुना आहे आणि त्याचा मूळ अर्थ कळला तर आई पुन्हा बोलू लागतील असं मला वाटतं.

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातल्या ९९व्या सूक्तात ही ओळ आहे : 'इरावती धेनुमती हि भूतं सूयवसिनी मनुषे दशस्या'. इथे आकाश आणि पृथ्वी या जोडीला विनवलं आहे, की माणसासाठी तुम्ही अन्नपाण्याने भरलेल्या व्हा, दुभत्या गाईंनी भरलेल्या व्हा, चांगल्या चाऱ्याने भरलेल्या व्हा. या ओळीत 'इरावती' हे कुणा बाईचं किंवा नदीचं नाव नाही. ते विशेषण आहे आणि तेही द्विवचनात, त्यामुळे 'वेदात इरावती नावाची देवी आहे' असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. पण नावाचा अर्थ इथे लख्ख दिसतो. इरा म्हणजे पोसणारा रस, खाणंपिणं, ज्याने जीव तरतो ते. ज्याच्यापाशी इरा आहे तो इरावान, जिच्यापाशी आहे ती इरावती.

मला स्वतःला इराचा अर्थ खरा उमगला तो 'अनिरा' या शब्दामुळे. आठव्या मंडलातल्या सोमसूक्तात 'अप त्या अस्थुरनिरा अमीवाः' असं येतं. अमीवा म्हणजे रोगराई आणि अनिरा म्हणजे जिथे इरा उरली नाही ती अवस्था : उपासमार, अंगातलं त्राण जाणं. सोम प्यायल्यावर या दोन्ही पळाल्या असं ऋषी सांगतोय. इरा गेली की माणूस असा गळून जातो. म्हणून नुसतं 'पाणी' हा अर्थ मला अपुरा वाटतो. पाणी त्यात आहेच, पण पाण्यामुळे जे उगवतं आणि त्यामुळे जे पोट भरतं, तेही आहे. विष्णुपुराणात कश्यपाच्या बायकांमध्ये एक इरा आहे आणि तिची लेकरं कोण, तर झाडं, वेली आणि सगळ्या जातींची गवतं. पुराणकारालाही हाच अर्थ ठाऊक होता हे उघड आहे.

आता दारूचं. अमरकोश हा संस्कृतचा जुना शब्दकोश म्हणतो, 'इरा भूवाक्सुराप्सु स्यात्'. भू, वाक्, सुरा आणि अप्, म्हणजे जमीन, वाणी, मद्य आणि पाणी. वहिनींच्या भावाने चारांतला एकच उचलला. पिण्याजोग्या रसाला इरा म्हटल्यावर मद्यालाही तो शब्द लागणं साहजिक आहे. 'वाणी' या अर्थामुळे याद्यांमध्ये सरस्वती आली. त्या याद्यांतला दोष एवढाच, की चार अर्थांतला एक सांगून तोच नावाचा अर्थ म्हणून ठोकून देतात.

आणि 'वीज' हा तर दुसऱ्याच शब्दाचा अर्थ आहे. अमरकोशात विजेच्या नावांत 'ऐरावती' आहे, ऐ घेऊन. इ आणि ऐ यांची सरमिसळ करून कुणीतरी तो इथे चिकटवला आणि पुढच्यांनी तसाच उतरवून घेतला.

*

बाबांच्या हत्तीबद्दल थोडं. नातं आहे, पण उलट्या दिशेने. इतिहासावरून ऐतिहासिक, इच्छेवरून ऐच्छिक, तसा इरावत् वरून ऐरावत. इ चा ऐ होतो तो पुढच्या पिढीत, मुळात नाही. टीकाकार सांगतात, इरा म्हणजे पाणी ज्यात आहे तो इरावान् समुद्र, त्यातून निघाला तो ऐरावत. रामायणाच्या अरण्यकांडात तर सरळ वंशावळच दिली आहे : क्रोधवशेची मुलगी भद्रमदा, तिची मुलगी इरावती आणि इरावतीचा मुलगा ऐरावत. म्हणजे बाबांना सांगा, हत्तीवरून नाव आलेलं नाही, हत्तीला नाव आईवरून मिळालंय.

महाभारतात अर्जुन आणि उलूपी यांचा मुलगा इरावान आहे. तो भीष्मपर्वात आठव्या दिवशी पडतो. तमिळ भागात अरवान म्हणून आजही पुजला जातो तो हाच. हे त्याच शब्दाचं पुल्लिंगी रूप.

*

एक शंका. लीलावती, पद्मावती, कलावती यांत 'वती' आहे आणि इंदुमती, मधुमती यांत 'मती'. मग इरामती का नाही?

*

प्रत्यय एकच आहे, मतुप्, म्हणजे 'ते जिच्यापाशी आहे' असं सांगणारा. शब्दाच्या शेवटी अ किंवा आ असेल तर त्यातल्या म चा व होतो : लीला-वती, गुण-वती, इरा-वती. शेवटी इ किंवा उ असेल तर म तसाच राहतो : बुद्धि-मती, इंदु-मती. वर दिलेली ऋचा पुन्हा वाचा, 'इरावती धेनुमती'. एकाच ओळीत दोन्ही रूपं शेजारी शेजारी बसली आहेत. मी व्याकरण शिकवतो तेव्हा याच ओळीने सुरुवात करतो.

*

नदीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. वहिनींना म्हणावं, ब्रह्मदेशातल्या नदीच्या आधी आपल्याकडची नदी आहे. पंजाबातली रावी म्हणजे इरावतीच. आधीचा इ गळाला, मधला त गेला आणि रावी उरली. ऋग्वेदात तिला परुष्णी म्हणतात, दाशराज्ञ, म्हणजे दहा राजांचं युद्ध झालं ते तिच्याच काठी. वेदातल्या शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या यास्काच्या निरुक्तात स्पष्ट आहे : 'इरावतीं परुष्णीत्याहुः'. म्हणजे यास्काच्या काळी इरावती हे चालू नाव होतं आणि परुष्णी समजावून सांगावं लागत होतं. भरपूर पाण्याच्या, दोन्ही काठ पिकवणाऱ्या नदीला याहून नेमकं नाव सुचलं नसतं.

ब्रह्मदेशात हेच नाव संस्कृत-पालीच्या वाटेने गेलं. तिकडे त्याची सांगड ऐरावताशी घालतात आणि उच्चार एयावदीसारखा होतो. ती नदी दोन हजार किलोमीटरांहून लांब आहे. आपल्या ओडिशातल्या चिलिका सरोवरातल्या डॉल्फिनला इरावती डॉल्फिनच म्हणतात. नाव इथून तिकडे गेलं आणि माशासारख्या दिसणाऱ्या त्या जीवाच्या पाठीवरून परत आलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

*

नाव कमी का, या प्रश्नाकडे येतो. मला वाटतं त्याचं निम्मं उत्तर एका व्यक्तीत आहे. मराठीत 'इरावती' म्हटलं की पुढचा शब्द आपोआप 'कर्वे' येतो. बाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५चा, ब्रह्मदेशातल्या मिंजानचा. वडील गणेश हरी करमरकर तिथे नोकरीला होते आणि मुलीचं नाव ठेवलं ते त्या नदीवरून. तेव्हा वहिनींचं म्हणणं मराठीपुरतं अगदी खरं आहे : आपल्याला माहीत असलेली सगळ्यांत मोठी इरावती त्या नदीकाठचीच. पुढे मानववंशशास्त्र, बर्लिनची पदवी, १९६८ साली 'युगान्त'ला साहित्य अकादमी पुरस्कार. एवढ्या उंचीच्या बाईचं नाव पुढच्या पिढीत घरोघर जायला हवं होतं. गेलं नाही. आदर इतका वाढला की ते नाव त्यांचंच होऊन बसलं.

उरलेलं उत्तर लांबीत असावं. चार अक्षरी, 'वती'ने संपणारी नावं आजीच्या पिढीची वाटू लागली आणि पाळण्यावर दोन अक्षरी नावं आली. त्यात 'इरा' मात्र आता पुष्कळ ऐकू येतं.

*

मग सरळ इरा ठेवलं तर?

*

ठेवा की, सुंदरच आहे. फक्त अर्थ बदलतो हे माहीत असू द्या. इरा म्हणजे ते अन्नपाणी, इरावती म्हणजे ते जिच्यापाशी आहे अशी. मला दुसरं जास्त आवडतं, कारण त्यात देणारी बाई दिसते. शिवाय इरावती ठेवलं तर घरात हाक 'इरा'च पडणार. इरा ठेवलं तर इरावती कधी होणार नाही. आणि हिब्रूतलं इरा हे पुरुषाचं नाव किंवा रशियन इरिनाचं लाडकं इरा, यांचा याच्याशी काही संबंध नाही. उच्चार जुळले इतकंच.

*

आमच्या आजोबांनी नदीच्या नावावर आक्षेप घेतला होता म्हणून सांगतो. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात नदी, वृक्ष, नक्षत्र यांची नावं असलेली मुलगी लग्नाला वर्ज्य सांगितली आहे. महाराष्ट्राने हे कधीच मनावर घेतलं नाही. गोदावरी, कृष्णा, नर्मदा, यमुना, शरयू, तापी, रोहिणी, रेवती, तुळसा : सगळ्या आपल्या आज्या-पणज्या आणि सगळ्यांची लग्नं थाटात झाली. त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात मुलीचं नाव उच्चारायला सोपं, अर्थ स्पष्ट, मंगल आणि शेवटी दीर्घ अक्षर असलेलं असावं असं आहे. इरावती त्यात तंतोतंत बसतं.

*

कालिदास कुणी आणला नाही! 'मालविकाग्निमित्रा'त अग्निमित्र राजाची धाकटी राणी इरावती आहे. तिसऱ्या अंकात ती मद्य पिऊन, डुलत बागेत येते आणि राजाला मालविकेपाशी पाहून कमरेची मेखला काढून त्याच्यावर उगारते. अमरकोशातली ती 'सुरा' आठवली की वाटतं, कालिदासाने हे नाव हसत हसत निवडलं असावं. हा माझा तर्क, पण सोडवत नाही. थोरल्या राणीचं नाव धारिणी, म्हणजे पृथ्वी, तीही शांत आणि सोसणारी. मला तरी त्या नाटकात इरावतीच खरी जिवंत वाटते. फसवलं गेल्यावर ती गप्प बसत नाही.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. 'इरावती धेनुमती' ही ओळ आईला वाचून दाखवली. तिने दोनदा म्हणायला लावली, मग म्हणाली, दारूचं राहू दे, दुभत्या गाईंशेजारी बसलेलं नाव आहे. बाबांनी हत्तीला आई मिळाल्याचं ऐकून माघार घेतली. वहिनीची एकच अट आहे : दाखल्यावर ऱ्हस्व इ नीट पडली पाहिजे, 'ईरावती' किंवा 'ऐरावती' झालेलं चालणार नाही. इंग्रजीत व साठी व्ही घालायचा की कर्वेबाईंच्या नावात येतो तसा डब्ल्यू, यावर भावाशी बोलणं चालू आहे. बारसं रविवारी.