आतोबांचं खोकं: काळ्या, निळ्या अन् लाल डब्यांपैकी नागपुरात काय चालेल?

खामलावाली

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट लिहिलं तर तुम्हीच उलट दहा प्रश्न विचाराल.

माझी आत्या ओहायोहून कायमची परत आली आहे, सध्या खामल्याला आमच्याकडेच असते. तिच्या सामानात आतोबांचं एक खोकं आहे. आतोबा आता नाहीत, पण सिनेमाचा नाद काय असतो ते त्या खोक्यावरून कळतं. आत तीन जातींच्या डिस्क आहेत. काळ्या डब्यांतल्या साध्या डीव्हीडी सगळ्यांत जास्त. निळ्या डब्यांतल्या ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीनंतरच्या जास्त स्पष्ट चित्राच्या डिस्क, त्याहून कमी. आणि तळाशी लाल डब्या, त्यांवर एचडी डीव्हीडी लिहिलेलं. ही तिसरी जात मी जन्मात पाहिली नव्हती.

आमच्या हॉलमधला जुना प्लेअर काळ्या डबीतली डिस्क आत घेतो, जरा घरघरतो आणि रीजन चुकीचं आहे असं सांगून गप्प बसतो. मागच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये टाकली, तर तो रीजन बदलायचं का विचारतो आणि इतकेच बदल शिल्लक आहेत असा दमही देतो. मी कॅन्सल दाबलं. ब्लू-रे प्लेअर घरात नाही. लेकीच्या लॅपटॉपला तर डिस्क घालायला जागाच नाही, आणि तिचं म्हणणं, "आई, हे सगळं ऑनलाइन असतं."

बर्डीच्या बाजारात, मोदी नंबर दोनच्या गल्लीत विचारून आले. एक दुकानदार म्हणाला, "म्याडम, आता डीव्हीडी कोन पाहते जी?" दुसरा सगळं पेनड्राइव्हवर भरून द्यायला तयार होता. आत्या दोघांवर खवळली. आतोबांची पद्धत होती: सिनेमा आधी सरळ बघायचा, मग दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाची कॉमेंटरी, म्हणजे सिनेमावर त्याचं स्वतःचं बोलणं, लावून पुन्हा. तिला ती कॉमेंटरी हवी आहे, आणि ती ऑनलाइन बहुतेक सिनेमांना नसते. शिवाय तिचा एक सवाल आहे, ज्याचं उत्तर मला देता आलं नाही: "आम्ही डॉलर मोजून घेतल्यात, चोरीच्या नाहीत. मग माझ्याच माहेरी का चालू नयेत?"

तर यातलं काय चालेल आणि कशावर? तिने येताना तिथला डीव्हीडी प्लेअरही आणलाय, चपट्या पिनांचा. अजून लावलेला नाही. टीव्ही नवा आहे, सपाट.

मनीषनगरचा_पंटर

ताई, पहिले तं तो प्लेअर डायरेक्ट बोर्डात खुपसू नका. मांगं स्टिकर असते, ते वाचा. १००-२४० लिहून असन तं पिनेचा अडॅप्टर घ्या अन् खुशाल लावा. नुसतं १२० लिहून असन तं धूर निघन. आपल्याकडे २३० व्होल्ट आहे, अन् उन्हाळ्यात कूलर सुरू झाले का आमच्या गल्लीत त्याचा बी भरवसा नाही. बाकीचं जाणकार सांगतीन.

गोकुळपेठ_लायब्ररी

माझी गोकुळपेठ बाजाराजवळ व्हीसीडी-डीव्हीडी लायब्ररी होती. खोकं वाचून हात शिवशिवले, त्यामुळे मीही लांबच लिहितो.

आत्याबाईंच्या सवालापासून सुरू करू, कारण सवाल रास्त आहे. डीव्हीडी आली तेव्हा स्टुडिओंनी जग सहा तुकड्यांत वाटलं, त्यालाच रीजन म्हणतात. एका रीजनची डिस्क दुसऱ्या रीजनच्या प्लेअरवर चालत नाही. १ म्हणजे अमेरिका-कॅनडा. २ मध्ये युरोप आणि जपान. आग्नेय आशिया ३, ऑस्ट्रेलिया आणि लॅटिन अमेरिका ४, चीन एकटा ६. आपण ५ मध्ये, रशिया आणि आफ्रिकेच्या बहुतेक देशांसोबत. विमान-जहाजांसाठी आणखी एक ८ नंबर आहे. कारण सरळ धंद्याचं होतं. सिनेमा अमेरिकेत आधी लागायचा, आपल्याकडे काही महिन्यांनी. इथल्या थेटरात लागायच्या आत तिथली डीव्हीडी इथे पोचली तर तिकीट कोण काढणार? आणि प्रत्येक बाजारात भाव वेगळा लावायची सोय झाली ती वेगळीच. म्हणजे त्यांनी डॉलर मोजले ते डिस्कचे, आणि डिस्क कुठे बघायची हे विकणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलं होतं. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं. आज तर सिनेमा जगभर एकाच शुक्रवारी लागतो, तरी ते जुने आकडे डिस्कवर तसेच.

आता प्रत्येक काळी डबी उलटी करून पाहा. मागे पृथ्वीगोलाचं चित्र आणि त्यात आकडा असतो. १ असेल तर कुलूप आहे. ० किंवा "ऑल" असेल तर तुमच्या हॉलमधल्या प्लेअरवरही चालेल. माहितीपट, संगीताचे कार्यक्रम, लहान कंपन्यांच्या डिस्क यांत ऑल बऱ्याचदा सापडतं.

कॉम्प्युटरवर कॅन्सल दाबलंत ते छान केलंत. २००० सालापासूनच्या ड्राइव्हमध्ये रीजन खुद्द ड्राइव्हच्या आत लिहिलेलं असतं आणि ते पाच वेळाच बदलता येतं. पाचव्यानंतर जे असेल ते कायमचं. विंडोज नव्याने टाकलं तरी मोजणी शून्यावर जात नाही. म्हणून आलटूनपालटून १ आणि ५ करत बसू नका. यूएसबीवर चालणारा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह घ्या, त्याला एकदाच रीजन १ करा, वर चिकटपट्टी लावून "अमेरिका" लिहा आणि विषय संपवा. लेकीच्या लॅपटॉपलाही तोच लागेल, एचडीएमआयची वायर टीव्हीला जोडली की झालं. सिनेमा बघायचं व्हीएलसी सॉफ्टवेअर टाकून घ्या, त्यात कॉमेंटरीचा ऑडिओ ट्रॅक निवडता येतो.

तिथला प्लेअर चालला तर तो आणखी सोपा मार्ग. पूर्वी एक लफडं असायचं. टीव्हीच्या चित्राची व्यवस्था दोन्हीकडे वेगळी: अमेरिकेत एनटीएससी, ५२५ रेषा. आपल्याकडे पाल, ६२५ रेषा. जुन्या डबा टीव्हीवर अमेरिकन चित्र काळंपांढरं दिसायचं किंवा वरखाली पळायचं. गिऱ्हाईक म्हणायचं डिस्क खराब दिली, आणि मी त्याला व्यवस्था समजावत उभा! तुमच्या सपाट टीव्हीला दोन्ही समजतं, ती काळजी सोडा.

आणि राहवत नाही म्हणून सांगतो, व्हीसीडीला, म्हणजे सीडीवरच्या सिनेमाला, असलं काही नव्हतं. रीजन नाही, कुलूप नाही. चित्र ३५२ बाय २८८, पावसाचा सीन आला की नुसते चौकोन. एका डिस्कवर ७४ मिनिटं मावायची, म्हणून हिंदी सिनेमा दोन-तीन डिस्कवर. पण सिंगापूरची व्हीसीडी इथल्या महाल भागातल्या प्लेअरवर बिनबोभाट चालायची. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ ला डीव्हीडी काढली, तेव्हा भाड्याने कोण नेणार? लायब्ररी तिथूनच उतरणीला लागली. असो, तो वेगळा धागा होईल.

निळ्या-लालबद्दल माझ्यापेक्षा दुसरं कुणी सांगेल.

पिक्सेलबुवा

मी सांगतो.

निळ्या डब्या: ब्लू-रेचे तुकडे तीनच. अमेरिका, जपान, कोरिया ए मध्ये. युरोप, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका बी मध्ये. आपण सी, चीन आणि रशियासोबत. पण इथे बातमी बरी आहे. मोठ्या स्टुडिओंच्या बऱ्याच अमेरिकन ब्लू-रेवर रीजनचं बंधन घातलेलंच नसतं, डबीवर काहीही छापलेलं असो. त्यामुळे प्लेअर मिळाला तर लावून बघणे हाच उपाय. एक गंमत मात्र ध्यानात ठेवा: काही निळ्या डब्यांत ब्लू-रेसोबत डीव्हीडीही असते. ब्लू-रे चालते आणि तीच डीव्हीडी रीजन १ म्हणून अडते. पुढे ४के ब्लू-रे आली, २०१६ मध्ये, तिला रीजन ठेवलंच नाही.

लाल डब्या: एचडी डीव्हीडी तोशिबाचं अपत्य, ब्लू-रे सोनी आणि इतरांचं. दोन्ही २००६ ला बाजारात आल्या. दोन्हीचा लेझर तोच, ४०५ नॅनोमीटरचा, त्यामुळे लोकांना वाटतं ब्लू-रे प्लेअर लाल डिस्कही वाचेल. नाही वाचत. ब्लू-रेत माहितीचा थर पृष्ठभागाच्या ०.१ मिलिमीटर खाली असतो, एचडी डीव्हीडीत साध्या डीव्हीडीसारखा ०.६ वर. भिंगही वेगळं लागतं. थर जुन्याच खोलीवर असल्याने एचडी डीव्हीडी जुन्या कारखान्यांत थोड्या बदलाने निघायची, स्वस्त पडायची. पण एका थरात १५ जीबी, ब्लू-रेत २५. त्यात सोनीच्या प्लेस्टेशन ३ या गेमच्या यंत्रातून ब्लू-रे घराघरांत आयती शिरली. जानेवारी २००८ मध्ये वॉर्नर स्टुडिओने ब्लू-रेची बाजू घेतली आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने दुकान बंद केल्याचं जाहीर केलं. तुमच्या आतोबांच्या लाल डब्या म्हणजे मोडलेल्या लग्नाच्या छापून झालेल्या पत्रिका.

आणि चीड येते ती इथे: या हरलेल्या फॉरमॅटला रीजनचं कुलूप कधी लागलंच नाही. ओहायोची डिस्क खामल्यात कायदेशीर, तांत्रिक, सगळ्या अर्थांनी चालली असती. फक्त चालवायला यंत्र नाही.

यंत्र मिळवायचंच असेल तर एक्सबॉक्स ३६० या गेमच्या यंत्रासाठी एचडी डीव्हीडीचा वेगळा ड्राइव्ह निघाला होता, यूएसबीचा, कॉम्प्युटरलाही जोडता येतो. एलजीचे दोन्ही वाचणारे काही ड्राइव्हही होते. जुन्या बाजारात शोधावे लागतील. त्याआधी लाल डब्यांवर "कॉम्बो" लिहिलंय का बघा. त्यांच्या एका बाजूला एचडी, दुसऱ्या बाजूला साधी डीव्हीडी असते. ती बाजू आत्याच्या प्लेअरवर लागेल.

खामलावाली

बापरे, किती लिहिलंत! आत्याला सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. गोकुळपेठवाल्यांनी सवाल रास्त म्हटल्यावर स्वारी खूश. कारणं ऐकून म्हणाली, "म्हणजे मला रशियात नेऊन बसवलं होय!"

डब्या उलट्या केल्या. काळ्यांवर बहुतेक १, पण जॅझच्या कार्यक्रमांवर ऑल निघालं, आणि तशी एक हॉलमधल्या प्लेअरवर सुरूही झाली. लाल डब्यांत दोन कॉम्बो आहेत. उरलेल्या लाल डब्या ती टाकू देत नाही, मीही आग्रह धरलेला नाही.

प्लेअरच्या स्टिकरवर मात्र १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, १२ वॉट एवढंच आहे. मग काय घेऊ?

मनीषनगरचा_पंटर

स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर मागा, २३० चा ११० करणारा. १२ वॉटले ५० व्हीए ताकदीचा लय झाला. चपटी पिन बसन असा सॉकेट त्याच्यावरच पाहून घ्या, अन् दुकानात मीटर लावून आउटपुट दाखवायले सांगा, तसाच उचलून आणू नका. ६० हर्ट्झचं टेन्शन नाही, असे प्लेअर ५० वर चालतात. पहिल्या दिवशी अर्धा तास लावून हात ठेवून पाहा, लय गरम होऊन राह्यला तं बंद करा अन् इथं लिहा.

गोकुळपेठ_लायब्ररी

आणि एक. प्लेअर बिघडलाच तर बाहेरचा ड्राइव्ह आहेच. जॅझच्या डिस्कची नावं मात्र मला खासगी निरोपात (व्यनि) कळवा, माझ्याकडे असतील त्या सोडून बाकीच्या बघायला मी खामल्याला यायला तयार आहे. चहा चालेल.