तिशीपार सगळ्यांना नारळ देऊन संघ उभा राहतो का?

नेरूळचा_स्टॉपर (धागाकर्ता)

काल ठाण्यातल्या एका फुटबॉलप्रेमी सद्गृहस्थांची पोस्ट ग्रुपाग्रुपांतून फिरत माझ्यापर्यंत आली. म्हणणं असं, की भारतीय फुटबॉल संघानं आणि मुंबई सिटी या आपल्या क्लबनं तिशी ओलांडलेल्या झाडून सगळ्यांना नारळ द्यावा, विशीतली पोरं उतरवावीत, दोन वर्षं मार खावा आणि तिसऱ्या वर्षी आपोआप जिंकायला लागावं. पुरावा काय, तर मँचेस्टर युनायटेड, १९९५-९६. खाली अंगठ्यांचा पाऊस. अंगठे बघून डोकं फिरलं, म्हणून हे लांबण.

तो सीझन यातल्या किती जणांनी पाहिलाय? इन्स, ह्यूज, कँचेल्स्किस गेले. बेकहॅम, स्कोल्स, बट, नेव्हिल बंधू आत आले. पहिल्याच सामन्यात अ‍ॅस्टन व्हिलानं ३-१ धुतलं आणि टीव्हीवर अ‍ॅलन हॅन्सन म्हणाला, पोरांच्या जिवावर काही जिंकता येत नाही. इथवरची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पुढची कुणी सांगत नाही. मुरलेले गडी जागेवरच होते: गोलात श्मायकेल, मागे ब्रूस आणि पॅलिस्टर, मध्ये कीन. ऑक्टोबरात बंदी संपवून कँटोना परतला आणि एफए कपच्या फायनलला लिव्हरपूलवर झालेला एकुलता गोल त्याचाच होता. पोरं चांगल्या संगतीत होती म्हणून तरली.

आता घरचं बघा. ४ मे २०२४ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर मोहन बागानला ३-१ हरवून मुंबई सिटीनं आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा कप उचलला. त्याच उन्हाळ्यात आपले भेके, नोगेरा आणि परेरा डियाझ बेंगळुरूला गेले, अपुइया थेट मोहन बागानला. पुढच्या सीझनला आपण कसेबसे सहावे, आणि प्लेऑफला बेंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर ५-० हार. त्या पाचांतला एक गोल परेरा डियाझचा, एक चाळीस वर्षांच्या सुनील छेत्रीचा!

माझं म्हणणं एवढंच आहे, की पोरगा आधी सीनियरच्या शेजारी खेळतो, मग सीनियर जातो. छेत्री २००५ ला क्वेट्ट्यात भारताकडून पहिला सामना खेळला. त्याच्या आधीचा स्ट्रायकर भूतिया निवृत्त झाला २०११ ला. मधली सहा वर्षं छेत्री शिकत होता. छेत्रीच्या शेजारी असा कोण वाढला?

ठाणेकर_११

कोण वाढणार? जागाच दिली नाही तर?

६ जून २०२४ ला कुवेतविरुद्ध छेत्रीचा निरोपाचा सामना झाला. स्टेडियम रडलं, मीही रडलो. आणि मार्च २०२५ ला महाराज परत हजर! मालदीवविरुद्ध गोल केला, आपण टाळ्या वाजवल्या. मग बांगलादेशशी ०-०, पुढे हाँगकाँगकडून हार, आणि ऑक्टोबरात गोव्यात फातोर्ड्याला सिंगापूरकडून १-२ हरून आशिया कप हुकला. मिळवलं काय? उलट सप्टेंबरमध्ये नवे कोच खालिद जमील यांनी छेत्रीला न घेता मध्य आशियाच्या काफा कपात ओमानला हरवून तिसरा नंबर काढला. ते तुमच्या लेखात नाही.

आणि कीन १९९५ ला चोवीसचा होता. त्याला म्हाताऱ्यांच्या रांगेत बसवून बाजू जड करू नका.

राग का येतो तेही सांगतो. कॉलेजची सगळी वर्षं मी आमच्या टीमचा राखीव खेळाडू. पुढे खेळणारे दोघे लग्न झालेले, पोट सुटलेले, सरावाला दांडी. सामन्याच्या दिवशी मात्र ‘अनुभव लागतो रे’ म्हणत जर्सी चढवायचे. मी बाटल्या भरायचो. हा अनुभव मला कुठून मिळणार होता, बाटल्यांतून?

नेरूळचा_स्टॉपर

ओमानविरुद्धचा सामना १-१ सुटला, पेनल्टीवर जिंकला. शेवटची पेनल्टी कुणी अडवली? गुरप्रीतनं, वय ३३. त्याच स्पर्धेत ताजिकिस्तानवरचा एक गोल झिंगनचा, वय ३२. त्या पोस्टवाल्यांच्या नारळाच्या यादीत हे दोघं सगळ्यात वर असणार.

तुमच्या बाटल्यांचं वाईट वाटलं. पण ते पोट सुटलेले दोघं आणि छेत्री यांत फरक आहे. छेत्रीचं पोट तुमच्यापेक्षा आत असेल.

ठाणेकर_११

वैयक्तिक कशाला जाताय? बरं, लिव्हरपूल घ्या. फेब्रुवारी २०२४, लीग कप फायनल. डॅन्स, क्लार्क, मॅकोनेल असली नावंही न ऐकलेली पोरं घेऊन क्लॉपनं चेल्सीला हरवलं. बार्सिलोनात यमाल आहे. २०२४ च्या युरो फायनलच्या आदल्या दिवशी त्याला सतरावं लागलं!

नेरूळचा_स्टॉपर

लीग कपचा तो गोल ११८ व्या मिनिटाला व्हॅन डाइकनं हेडरनं मारला. वय ३२. आणि यमालच्या बार्सानं २०२४-२५ ची लीग जिंकली तेव्हा २७ गोल लेवांडोव्स्कीचे होते. वय ३६. पुढचं उदाहरण?

ठाणेकर_११

तुमच्याकडे प्रत्येक सामन्यातून एक म्हातारा निघतोच. उद्या म्हणाल, रेफरी पन्नाशीचा होता म्हणून जिंकले.

घणसोली_लोकल

दोघंही भलतीकडे भांडताय. आपल्याकडे नऊ नंबरची, म्हणजे गोल मारणाऱ्या स्ट्रायकरची जागा परदेशी माणसाची असते, हा खरा रोग. चार परदेशी उतरवायची मुभा, त्यातला एक हमखास पुढे. भारतीय पोराला विंगवर ढकलतात. मुंबई सिटीचा छांगतेसुद्धा विंगरच. २०२४-२५ ला आयएसएलमध्ये भारतीयांतले सर्वाधिक, १४ गोल छेत्रीनं चाळिशीत केले. त्याचं कौतुक कमी आणि बाकीच्यांची लाज जास्त वाटायला हवी.

आणि मुळात पोरं येणार कुठून? जाळी लावलेल्या त्या छोट्या भाड्याच्या टर्फवरून? माझा मुलगा पंधरा वर्षांखालच्यांत खेळतो. सगळं बालपण टर्फवर गेलं. पाय एवढा चलाख की बघत राहावं. पहिल्यांदा पूर्ण मैदानावर उतरला आणि पहिल्या अर्ध्यात ऑफसाइडवर ऑफसाइड. डाव्या विंगवरून क्रॉस आला तर हेडर मारायला उडीच मारेना, कारण उंच चेंडू आयुष्यात आलेलाच नाही. टर्फवर डोक्यावर गेला की जाळी! कोच म्हणाला, हा पाच जणांतला खेळाडू आहे, अकरांतला नाही. घरी येईपर्यंत पोरगं एक शब्द बोललं नाही.

म्हणून म्हणतो, टर्फनं फुटबॉलची वाट लावली.

घोडबंदर_टर्फवाला

आलात का टर्फवर? म्हटलं अजून कसं नाही.

मी टर्फ चालवतो, त्यामुळे मला शिव्या घालायच्या असतील तर सरळ घाला. पण एक सांगा, तुमच्या मुलासाठी पूर्ण मैदान संध्याकाळी सहाला मोकळं कुठे मिळतं? मैदानावर कधी लग्नाचा मांडव, कधी नवरात्राचा गरबा, आणि उरलेल्या दिवसांत कुठल्या तरी भाऊंच्या नावाचा क्रिकेट चषक. मांडव निघाला की जमिनीत खिळे आणि खड्डे तसेच. माझ्याकडे रात्री दिवे आहेत, पावसात चिखल नाही. टर्फ नसती तर तुमचा मुलगा मोबाईल घेऊन बसला असता. आणि ब्राझीलची पोरं फुटसाल, म्हणजे पाच-पाच जणांचा इनडोअर फुटबॉल खेळूनच मोठी होतात, तेव्हा छोट्या जागेला नावं ठेवू नका.

नेरूळचा_स्टॉपर

मूळ विषय सोडायचा नव्हता, पण फुटसालचं नाव घेतलंत म्हणून. फुटसालला चेंडू लहान असतो, फार उसळत नाही, आणि बाजूला रेषा असते. ओलांडली की चेंडू समोरच्याचा. टर्फवर काय होतं? पास चुकला, चेंडू जाळीला लागून परत पायात. पहिला टच खराब असला तरी शिक्षा नाही. शिक्षा नाही तर शिकणार काय? आमच्या रविवारच्या सामन्याला टर्फवरची पोरं येतात ती चेंडू तीन हात पुढे सोडतात आणि भिंत शोधतात.

घोडबंदर_टर्फवाला

मग या ना टर्फवर रेषा आखून खेळायला, मी जाळी गुंडाळून ठेवतो. तासाचे पैसे मात्र तेवढेच.

सेक्टर_१७

मैदानांवर चाललंच आहे तर डी. वाय. पाटीलबद्दल कुणी बोलेल का? २०१४ आणि २०१५ ला मुंबई सिटी नेरूळला खेळायची. अनेल्काला मी स्टेशनपासून चालत जाऊन पाहिलंय. २०१७ ला सतरा वर्षांखालच्यांच्या विश्वचषकाचा माली-स्पेन उपांत्य सामना इथे. २०२२ ला महिला आशिया कपची फायनल इथे, चीन दोन गोलांनी मागे पडून कोरियाला ३-२ हरवून गेला. त्याच वर्षी मुलींच्या विश्वचषकाची फायनलही इथेच. आता कोल्डप्ले आणि क्रिकेट. हरमनप्रीतच्या टीमनं इथे विश्वचषक जिंकला तेव्हा मीही नाचले, तक्रार ती नाही. पण लीग फुटबॉल बघायला आम्ही पनवेल-अंधेरी लोकल पकडायची आणि पुढे मेट्रोनं आझाद नगर. सामना साडेसातचा. परतताना लहान मुलाला कोण नेणार? नवी मुंबईतलं पोर अव्वल खेळाडू प्रत्यक्ष बघतच नाही, मग कोणाची जागा घेणार आहे ते?

ठाणेकर_११

ताई, अनेल्काचं नाव घेतलंत, आभार. आपल्या लीगची सुरुवातच उतारवयातल्यांना पोसून झाली. अनेल्का, युंगबर्ग, दिल्लीला देल पिएरो, गोव्याला पिरेस. बघायला मजा आली, पण आपल्या पोरांना काय मिळालं? सेल्फी.

सेक्टर_१७

ताई म्हणताय तर ऐकाही. तुम्ही सगळे पुरुषांच्याच संघावर चर्चा झोडताय. जुलै २०२५ ला थायलंडला त्यांच्याच देशात २-१ हरवून आपल्या बायकांनी आशिया कप गाठला. पात्रता फेरी खेळून! दोन्ही गोल संगीता बासफोरचे. तेव्हा ती अठ्ठावीसची, म्हणजे ना तुमची पोर, ना यांची म्हातारी. नारळाचं गणित तिला कुठे बसवतं?

माळ्यावरचे_बूट

एवढा वेळ वाचत होतो. घणसोलीच्या दादांनी मैदानाचं सांगितलं, पण मैदान असूनही पोरं जातात. मी वाशीत वाढलो, शाळेला चांगलं मैदान होतं. आमच्या नववीच्या टीममधल्या बहुतेकांनी दहावीला बूट काढले. मला सोळा वर्षांखालच्या निवड चाचणीला बोलावणं होतं, त्याच रविवारी क्लासची टेस्ट सिरीज. बाबा रागावले नाहीत, नुसतं म्हणाले, ‘बघ बाबा, तुझं तू ठरव.’ ते असं म्हणाले की आमच्या घरात काय ठरतं हे मला माहीत होतं. आज ऐरोलीत आयटीत आहे, पगार बरा आहे, गुडघा उत्तम आहे, त्याचा उपयोग काही नाही.

तेव्हा सीनियर हाकला म्हणणाऱ्यांना विचारतो, मागे रांग कुठे उभी आहे? सोळाव्या वर्षीच रांग मोडते. घणसोलीला रिलायन्सची अकादमी आहे, तिथली काही पोरं आयएसएलपर्यंत पोहोचली, पण तिथे देशभरातून निवडून येतात. आमच्यासारख्या दहावीवाल्यांचं काय?

घणसोली_लोकल

माझा मुलगा पुढच्या वर्षी दहावीला आहे. हे वाचून पोटात गोळा आला.

खवचट_कट्टेकर

धागा छेत्रीवरून सुरू झाला, टर्फ, कोल्डप्ले आणि टेस्ट सिरीज करत दहावीच्या निकालाला पोहोचला. संपादकांनी आता ‘करिअर मार्गदर्शन’ विभागात हलवावा.

ठाणेकर_११

मी मूळ विषयावर येतो, कारण धागाकर्त्या काकांचा ‘शेजारी वाढतो’ सिद्धांत तपासायचा राहिलाय. रियल माद्रिद. कामाव्हिंगा २०२१ ला आला, चुआमेनी २०२२ ला. दोघं क्रूस आणि मॉड्रिचच्या शेजारी वाढले, अगदी तुमच्या पुस्तकाप्रमाणे. २०२४ ला क्रूस निवृत्त झाला. पुढच्या सीझनला बार्सानं रियलला चार वेळा हरवलं. चारही वेळा! त्यात बर्नाब्यूवर ४-०. ना लीग, ना कोपा, ना चॅम्पियन्स लीग. शेजारी बसून कुणी क्रूस झाला नाही. म्हणजे सीनियर ठेवले तरी खड्डा पडतोच. मग तो लवकर पडू द्या, भरायला वेळ तरी मिळेल.

नेरूळचा_स्टॉपर

काका कोणाला म्हणतोस? माझं वय इथे कुणी विचारलेलं नाही.

क्रूसची जागा भरली नाही, हे खरंय. बोललो, आता फ्रेम करून लाव. पण तो लवकर गेला असता तर २०२४ ची चॅम्पियन्स लीग तू जिंकून देणार होतास? आणि माद्रिदला खड्डा पडला तरी ते लीगमध्ये दुसरे आले. आपल्याला खड्डा पडला तर आपण बांगलादेशकडून ढाक्यात ०-१ हरतो. त्यांना परवडतं ते आपल्याला परवडत नाही.

ठाणेकर_११

ढाक्यात छेत्री नव्हता, हे तुमच्या बाजूनं जातं असं वाटतंय का? २०२४ च्या पूर्वार्धात तो होता. त्या अख्ख्या वर्षात भारतानं एकही सामना जिंकला नाही. तो असताना नाही, गेल्यावरही नाही. मग निदान पोरांबरोबर तरी हरा.

नेरूळचा_स्टॉपर

‘पोरांबरोबर तरी हरा’ याला धोरण म्हणत नाहीत, त्रागा म्हणतात.

माळ्यावरचे_बूट

त्रागा असेल, पण कुवेतविरुद्ध बरोबरी झाल्यापासून मलाही तो होतोय. धागाकर्ते, तुमच्या रविवारच्या टीममध्ये पंचवीसच्या आतले किती?

नेरूळचा_स्टॉपर

येत नाहीत. बोलावतो, येत नाहीत.

ठाणेकर_११

आलो तर खेळवणार, की बाटल्या?

नेरूळचा_स्टॉपर

पहिला हाफ खेळवतो. स्टॉपर, म्हणजे मधल्या बचावपटूची माझी जागा सोडून कुठेही.

ठाणेकर_११

स्टॉपर सोडून. अर्थात!

घोडबंदर_टर्फवाला

पाऊस असेल तर माझ्याकडे या, नेरूळच्या मैदानात पाणी साचतं.

घणसोली_लोकल

मैदानाचा निचरा महापालिकेनं करायचा की सिडकोनं, यावर वेगळा धागा काढतो. आमच्या सेक्टरात दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात आणि पोरं डबक्यात खेळतात.