‘बॉयकॉट’ला ‘बहिष्कार’ म्हणावं का?

धागाकर्ती:
बॉयकॉट हे मुळात एका माणसाचं आडनाव. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्नच्या जमिनीचा कारभार बघायचा. १८८० साली कुळांनी खंडात सूट मागितली, ती पुरती मिळाली नाही, वर जमिनीवरून काढायच्या नोटिसा निघाल्या. मग गडी काम टाकून गेले, दुकानदार माल देईनात, कपडे धुणारी बाई धुणं घेईना. पीक काढायला बाहेरून पन्नास माणसं आणावी लागली आणि त्यांच्या राखणीला शेकडो सैनिक. डिसेंबर लागला तसा बॉयकॉट इंग्लंडला निघून गेला.

याला ‘बहिष्कार’ म्हणणं मला पटत नाही. माझ्या आजोळी एका घरावर बहिष्कार होता. त्यांच्या मुलीच्या लग्नात मांडव पडला, पण पंगतीला कोणी आलं नाही. तिथे सगळा गाव एका गरीब घरावर उठला होता. मेयोत कुळं मालकाच्या माणसाविरुद्ध उभी राहिली.

शब्दवेडा:
साफ असहमत. १८८० च्याच सप्टेंबरात आयर्लंडमधल्या एनिसच्या सभेत आयरिश पुढारी पार्नेलने सांगितलं होतं की, हाकललेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला महारोग्यासारखं दूर ठेवा. हे वाळीत टाकणं नाही तर काय? आणि बॉयकॉटने वर्तमानपत्राला लिहिलेल्या पत्रात लोहाराला जिवे मारण्याची धमकी आल्याचंही आहे. शिवाय टिळकांच्या चतुःसूत्रीत बहिष्कार आहेच. तो शब्द तेव्हाच स्वच्छ झाला.

धागाकर्ती:
स्वच्छ झाला असता तर १९२७ मध्ये बाबासाहेबांच्या पाक्षिकाचं नाव ‘बहिष्कृत भारत’ नसतं. धमकी वाईटच, ती मी झाकत नाही. पण वाळीत टाकण्याला इंग्रजीतही ‘ऑस्ट्रसाइझ’ हा जुना शब्द होता. तो कुळांच्या तोंडी बसायचा नाही, म्हणून फादर ओमॅली या धर्मगुरूंनी ‘बॉयकॉट’ सुचवला. लढणाऱ्यांना आपला शब्द मिळाला, आपण त्यावर पंचायतीचा शिक्का मारतो.

नदीकाठ:
वाळीत टाकण्याविरुद्धच्या महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्याचं नाव आठवा. त्यात ‘सामाजिक बहिष्कार’ असं म्हणावं लागलं, कारण नुसत्या ‘बहिष्कार’ने आज मालावरचा, मतदानावरचा, सभेवरचा असे सगळे अर्थ निघतात. शब्द केव्हाच पुढे गेलाय, ताई.

धागाकर्ती:
हा मुद्दा बिनतोड आहे. माल आणि मतदानापुरता ‘बहिष्कार’ मान्य. माणसांबद्दल लिहिताना मात्र मी ‘वाळीत टाकलं’च लिहीन. मग कोणी टाकलं, हेही लिहावं लागतं.