उत्तर: मुलीला अमेरिकेत पाठवताना कॅम्पसची सुरक्षितता कशी तपासायची?

नुसतं रँकिंग पाहून सुरक्षिततेचा अंदाज येत नाही, हे खरंच आहे. पण तपासायला एक हक्काची जागा आहे. विद्यापीठाच्या नावापुढे 'अ‍ॅन्युअल सिक्युरिटी रिपोर्ट' टाकून शोधा. मागच्या तीन वर्षांतल्या गुन्ह्यांची आकडेवारी त्यात असते, आणि दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत तो जाहीर करणं अमेरिकेतल्या कायद्याने बंधनकारक आहे.

हा कायदा एका घरच्या दुःखातून आला. १९८६ साली पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात १९ वर्षांच्या जीन क्लेरीचा तिच्याच खोलीत खून झाला. आपोआप लागणारी दारं कुणीतरी अडकण लावून उघडी ठेवली होती. आईवडील झगडले, १९९० मध्ये कायदा झाला.

भाचीच्या हॉस्टेलवर गेले होते तेव्हा मागच्या दारात अशीच एक चप्पल सारलेली दिसली. जेवणाचं पार्सल यायचं होतं म्हणे! माझ्या पोटात गोळाच आला. चप्पल काढली, खट्‌कन दार लागेपर्यंत तिथेच उभी राहिले.

आणि हो, आकडे कमी दिसले म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका. त्यात फक्त नोंदवलेले गुन्हे येतात. रात्री लायब्ररीतून सोबतीला कुणी मिळतं का, हेही फोन करून विचारा.