मदत हवी आहे: सेजमॅथमध्ये मोत्झकिन पथांचा क्लास कसा रचावा?
नमस्कार मंडळी. सेजमॅथमध्ये (पायथनवर आधारलेली गणिताची संगणक प्रणाली) मोत्झकिन पथांसाठी क्लास लिहितोय. पायऱ्या तीनच: वर, खाली, सपाट. पथ अक्षावर सुरू होऊन अक्षावरच संपतो, मध्ये अक्षाच्या खाली उतरत नाही. लांबी 4 असेल तर असे 9 पथ, 5 असेल तर 21.

एकेका पथासाठी क्लोनेबलॲरे (सेजमधला, तयार झाल्यावर न बदलणाऱ्या यादीचा क्लास) घेतलाय, कारण पायथनच्या साध्या लिस्टला हॅश नसतो, ती सेटमध्ये टाकता येत नाही.

अडलंय ते पेरेंटपाशी, म्हणजे सेजमध्ये पथ ज्या संचाचा घटक असतो त्या ऑब्जेक्टपाशी. सगळ्या पथांचा एकच पेरेंट ठेवून ठरावीक लांबीचे संच त्याचे फसाड (ज्यांच्या घटकांचा पेरेंट दुसराच असतो असे संच) करावेत, की प्रत्येक लांबीला स्वतंत्र पेरेंट द्यावा? पहिल्या रचनेत तोच पथ कुठूनही आला तरी त्याचा पेरेंट एकच राहतो, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. पण पुढे सपाट पायऱ्यांना रंग द्यायचेत. मग रंगांची संख्या पेरेंटकडे ठेवू की पथाकडे? कुणी असं लिहिलं असेल तर कृपया सांगा.